जुळारी : एका गेलेल्या व्यवसायाविषयी

आपल्या हातातील हा वार्षिक अंक छापून होईपर्यंत अनेकांच्या नजरेखालून गेला असेल. पण यातले एकही अक्षर कुणी चिमटीत धरलेले नाही. आजच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट सांगण्याजोगीसुद्धा वाटणार नाही, कारण अक्षर चिमटीत धरता येते हेच त्याच्या कल्पनेत नसते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मात्र महाविद्यालयाच्या अंकातला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक स्वल्पविराम हा शिशाचा एक तुकडा होता. तो कुणीतरी त्याच्या घरातून उचलला होता, ओळीत उभा केला होता आणि छपाई आटोपल्यावर परत त्याच घरात टाकला होता. हे काम करणाऱ्यास मराठीत जुळारी म्हणत आणि त्या तुकड्यास खिळा. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाकडे गेलो तर तिथे त्याच तुकड्याला अच्चुमोळे म्हणतात. मोळे म्हणजेही खिळाच. दोन्ही भाषांना ती वस्तू पाहून सुतारकामाचीच आठवण झाली, ही मला नेहमी मौजेची गोष्ट वाटत आली आहे.

यंत्रांमुळे जुने व्यवसाय नष्ट झाले, असे आपण सरसकट म्हणतो आणि एका दमात कल्हईवाला, तारमास्तर, टंकलेखक, जुळारी अशी नावे घेतो. परीक्षेतल्या उत्तराला एवढे पुरते. पण या नावांत एक भेद आहे. कल्हईवाल्याचे काम संपले, कारण घरातली तांब्यापितळेची भांडी जाऊन स्टेनलेस स्टील आले. कल्हई लावण्याजोगे भांडेच फारसे उरले नाही, तेव्हा ते काम आता दुसरे कुणी करीत नाही. तारेचे तसे नव्हे. आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण निरोप पाठविण्याचे काम बंद झाले नाही, उलट कितीतरी पटींनी वाढले. मधला माणूस तेवढा गेला. जुळाऱ्याचे प्रकरण याहूनही निराळे आहे. त्याचे काम शब्दशः आजही चालू आहे. प्रत्येक अक्षर कुणीतरी एकेक करून बसवावेच लागते. फरक इतकाच की ते आता लिहिणाराच बसवतो, आणि त्याबद्दल त्याला काही मिळत नाही. हा लेख लिहून झाल्यावर मी दोन दिवस संगणकापुढे बसून तो टंकित केला. १९८० साली हे दोन दिवस कुणाच्या तरी मजुरीत धरले गेले असते. तेव्हा प्रश्न असा की, काम शिल्लक असताना काम करणारा जातो, त्या वेळी त्याच्याबरोबर आणखी काय जाते?

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी काम कसे चालत असे ते पाहू. जुळारी उभ्याने काम करी. त्याच्यापुढे लाकडी घोडीवर तिरक्या मांडलेल्या केस असत. केस म्हणजे बिनझाकणाचा उथळ खण. त्यात लहानमोठी घरे आणि प्रत्येक घरात एकाच अक्षराचे खिळे. डाव्या हातात स्टिक नावाची, तीन बाजूंनी बंद अशी धातूची पट्टी. तिची रुंदी पानाच्या ओळीइतकी आवळून ठेवलेली. उजवा हात घरांकडे जाई-येई आणि डावा अंगठा ओळ पडू नये म्हणून ती दाबून धरी. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती बोटाला लागली की अक्षराची कोणती बाजू कुठे करायची ते न पाहता समजे. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे असते आणि ओळ लावायची ती अक्षरांची डोकी खाली करून, डावीकडून उजवीकडे. म्हणजे तुम्ही-आम्ही सरळ वाचतो ते जुळारी आयुष्यभर पालथे वाचत असे, आणि आपल्याहून जलद वाचत असे. ओळ भरत आली की शब्दांमधल्या जागेत बारीक-जाड पट्ट्या घालून ती काठाला काठ मिळेल अशी बसवावी लागे. संगणकावर हे आज एका कळीने होते.

अशा ओळी गॅलीवर सरकवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, शाईचा रूळ फिरवून कच्चे मुद्रित काढायचे, त्यावर खुणा होऊन आल्या की चिमट्याने चुकीचा खिळा उपसून बरोबर तो बसवायचा, मग पाने पाडून लोखंडी चौकटीत आवळायची आणि तो फर्मा यंत्रावर चढवायचा. छपाई झाली की रॉकेलने शाई धुऊन खिळे पुन्हा आपापल्या घरी. नव्या पोराला आधी हेच शेवटचे काम देत, कारण खिळे परत टाकता टाकता घरे पाठ होत. खिळा शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा असे. नुसते शिसे फार मऊ. अँटिमनीने ते कठीण होते आणि साच्यात थंड होताना आक्रसत नाही, म्हणून अक्षराच्या कडा रेखीव येतात. खिळ्याची उंची सगळीकडे सारखी, सुमारे २३ मिलिमीटर. एखादा केसभर उंच असला तर कागद फाटे आणि बुटका असला तर अक्षर पुसट उठे. संगणकावर आपण अक्षराचा आकार १२ किंवा १४ असा निवडतो, तो आकडाही या खिळ्याच्या अंगाचे माप आहे. ७२ पॉइंट म्हणजे सुमारे एक इंच.

इंग्रजीला हे सारे शंभर-दीडशे घरांत भागे. देवनागरीत नुसता क घेऊन चालत नाही. अर्धा क, क्त, क्ष, क्र यांचे खिळे निराळे; दुसरी वेलांटी निराळी, अनुस्वारासह वेलांटी निराळी, रफारासह आणखी निराळी. काही छापखान्यांत वरच्या मात्रा व खालचे उकार स्वतंत्र बारीक खिळ्यांवर असत आणि अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसवावे लागत. या पद्धतीला डिग्री म्हणत. जिथे अक्षराचे अंग एकसंध असे तिला अखंड म्हणत. कोणतीही पद्धत घेतली तरी घरे शंभरांनी मोजावी लागत, आणि जुळारी एका केसपुढे उभा न राहता केसांच्या कोंडाळ्यात उभा राही.

ही अडचण फार जुनी आहे. गोव्यात छपाईचे यंत्र १५५६ सालीच येऊन पोहोचले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे तिथे देशी लिपीतले मराठी अक्षर उठले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठविलेल्या पत्रात त्याचे एक कारण सरळ हिशेबाने मांडले आहे : युरोपातील लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, इथल्या लिपीचे साचे पाडायचे तर ते सहाशेवर जातात. त्यांचे 'क्रिस्तपुराण' भाषेने मराठी असूनही १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या नशिबी परकी लिपी आली, याच्या मागे केवळ धर्मकारण किंवा राजकारण शोधणाऱ्यांनी केसमधल्या घरांची संख्याही विचारात घ्यावी, असे मला वाटते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. देवनागरी खिळ्यांनी छापलेले विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे निघाले. तिथले खिळे घडविण्यात पंचानन कर्मकार या कारागिराचा आणि त्याच्या घरच्यांचा हात होता. त्याच साली आपल्या मिरजेत भगवद्गीता छापली गेली, पण ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. कोरलेल्या पत्र्यातून गीताच निघणार. तो पत्रा मोडून उद्या पंचांग लावता येत नाही. सुटे खिळे जुळवायचे आणि पुन्हा सोडवायचे, हीच छपाईच्या विद्येतली खरी किल्ली, आणि ती जुळाऱ्याच्या हातात होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग काढले, मग स्वतः खिळे पाडले. त्यांची हकीकत गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे (स्थापना १८६९) अक्षर तर काशीपर्यंतच्या पंडितांच्या डोळ्यांत बसले. कन्नडचे पहिले टप्पेही असेच दूरदूरचे : कॅरी यांचे कन्नड व्याकरण १८१७ साली श्रीरामपूरला आणि किट्टेल यांचा प्रचंड कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यात. किट्टेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. कन्नड आणि रोमन अशा दोन लिपी एकाच ओळीत बसवीत हजारो नोंदी ज्यांनी लावल्या, त्यांच्याकडे लक्ष द्यावे असे कुणाला फारसे वाटलेले दिसत नाही.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जुळारी हा स्वतः एकेकाळी नवे यंत्र घेऊन आलेला माणूस होता. त्याच्या आधी पोथ्या नकलून पोट भरणारे लेखनिक होते, आणि त्यांचा धंदा छापखान्याने बुडविला. मोडीचेही तसेच. कॅरी यांनी १८१० साली मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत. पण पुढे छपाईने बाळबोध लिपीच पत्करली आणि मोडी हळूहळू कचेऱ्यांच्या दप्तरांत मागे राहिली. म्हणून या लेखात जुळाऱ्याची बाजू मांडताना मी त्याला केवळ बळी म्हणून उभा करणार नाही.

मी पदवीच्या वर्गात असताना, १९८१-८२ साली, महाविद्यालयीन अंकाच्या विद्यार्थी मंडळात होतो. मुद्रिते नेणे-आणणे हे माझे काम. खडेबाजाराच्या पाठीमागच्या एका गल्लीत तो छापखाना होता. तिथल्या मुख्य जुळाऱ्यांना सगळे मामा म्हणत. शाळा सातवीपर्यंत झालेली. मराठी लेख लावून झाला की ते उभ्या जागी वळत आणि कन्नड केसकडे तोंड करीत. पाय हलत नसत. त्या सुमारास गावात भाषेवरून वातावरण कधी कधी फार तापलेले असे. त्या खोलीत मात्र दोन्ही भाषांचे अंतर अर्ध्या गिरकीचे होते. मामांच्या मते कन्नड लावायला जड, कारण जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली येतो आणि बारीक खिळे सांभाळावे लागतात; उलट मराठीत रफारांचा जाच.

आमच्या एका वर्गमित्राने सह्याद्रीवर निबंध लिहिला होता. त्यात त्याने 'सह्याद्रीच्या दर्या' असे रफार देऊन लिहिले होते. मामांनी स्टिक खाली ठेवली आणि मला हाक मारली.

"काय रे, डोंगरात दर्या कुठला आला?"

मी हस्तलिखित पाहिले. "मामा, त्यात तसंच आहे."

"तसंच आहे म्हणून तसंच लावू होय? दर्या म्हंजे समुद्र. ह्या दऱ्या की. तुमच्या लेखकाला सांग जा, त्याच्या डोंगरातलं पाणी काढलंय म्हणून."

आणि दऱ्या या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र त्यांनी कोपऱ्यातल्या एका घरातून न पाहता उचलला. आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला फरक व्याकरणाच्या पुस्तकात आम्ही शिकलो होतो. मामांच्या लेखी ती दोन निराळी घरे होती. ऱ्हस्व-दीर्घाचे तसेच. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि जुने अनुच्चारित अनुस्वार गेले. प्राध्यापकांच्या हाताला ते वळण पडायला काळ लागला, पण अनुस्वार न उचलण्याची सवय जुळाऱ्याला लगेच झाली असणार, कारण त्याचे तेवढे श्रम वाचले! छापलेल्या अंकात चूक निघाली की आम्ही सगळे मुद्राराक्षसाच्या नावाने खडे फोडीत असू. लेखकाची चूक त्या राक्षसाने किती वेळा गिळली, याची नोंद कुठल्याही अंकात सापडत नाही.

खिळे मोजकेच असत, ही आणखी एक गोष्ट आज समजणे कठीण आहे. सोळा पानांचा एक फर्मा लावला की छापखान्याचे अर्धे खिळे त्यात अडकत. तो छापून सुटल्याशिवाय पुढचा लावता येत नसे. म्हणून मुद्रिते दोन दिवस उशिरा परत गेली की मालकाचा निरोप येई. मराठीत 'आहे' आणि 'होते' यांनी वाक्य संपते, त्यामुळे ह आणि मात्रा यांवर ओढ फार. कोणते अक्षर भाषेत किती वेळा येते याचे संख्याशास्त्र आता विद्यापीठांत शिकवतात. केस बनविणाऱ्यांनी ते घरांच्या आकारात केव्हाच मांडून ठेवले होते. जास्त लागणारे अक्षर मोठ्या घरात आणि हाताशी, कमी लागणारे लहान घरात आणि लांब. विद्यार्थ्यांच्या कविता मामांना आवडत, पण त्याचे कारण वाङ्मयीन नव्हते. कवितेच्या आखूड ओळींत कोऱ्या ठोकळ्यांनी जागा भरते आणि पान लवकर होते.

आता बदल कसा झाला ते पाहू. तो एका फटक्यात आला नाही. ओटमार मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र न्यूयॉर्कमध्ये १८८६ साली वापरात आले. त्यात कळा दाबल्या की अख्खी ओळच वितळलेल्या धातूतून ओतली जाते. देवनागरीसाठी असे यंत्र १९३०च्या दशकात तयार झाले आणि मोठ्या दैनिकांनी यंत्रजुळणी स्वीकारली. लहान गावांच्या छापखान्यांना ही यंत्रे परवडणारी नव्हती, म्हणून तिथे हाताची जुळणी पुढे पन्नास वर्षे टिकली. तिला खरा धक्का दिला तो ऑफसेट आणि संगणक या जोडीने. ऑफसेटला शिशाचा उठाव लागत नाही, अक्षरांचे चित्र पुरते. आणि चित्र काढण्याचे काम संगणक करू लागला. पानाची मांडणी संगणकावर करून लेझर यंत्रातून काढण्याची सोय अमेरिकेत १९८५ साली बाजारात आली. पुण्यात सी-डॅक ही संस्था १९८८ साली स्थापन झाली, भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाणक १९९१ साली ठरले, आणि त्या दशकात गल्लोगल्ली डी.टी.पी.च्या पाट्या लागल्या. मधल्या काळात ब्रोमाइडच्या पट्ट्या पात्याने कापून पानावर चिकटविणारा एक नवा कारागीर जन्मला. पंधरा-वीस वर्षांत तोही गेला. त्याच्यासाठी मराठीत धड नावसुद्धा तयार झाले नाही.

हाच बदल इतरत्र कसा झाला, याच्याशी ताडून पाहिले म्हणजे आपल्याकडचे वैशिष्ट्य ध्यानात येते. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांची संघटना बलवान होती. तिने १९६२-६३ साली ११४ दिवस वृत्तपत्रे बंद पाडली. त्या संपामागे यंत्रांची धास्ती होतीच. पुढे १९७४ साली करार झाला : मालकांनी हवी ती यंत्रे आणावीत, पण कामावर असलेल्या जुळाऱ्यांची नोकरी त्यांच्या हयातीपर्यंत राहील. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा शिशातून निघालेला शेवटचा अंक २ जुलै १९७८चा. लंडनमध्ये असा समझोता झाला नाही. तिथे जानेवारी १९८६ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी आपली वृत्तपत्रे रातोरात वॉपिंग येथील नव्या छापखान्यात हलविली आणि संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार कामगारांना काढून टाकले; वर्षभर निदर्शने होऊनही ते परतले नाहीत. एके ठिकाणी तडजोड, दुसरीकडे लढाई. आपल्याकडच्या लहान छापखान्यांत दोन्ही झाले नाही. एका खोलीत तीन-चार जुळारी. संघटना कशाची आणि करार कोणाशी? मालकाचीही कर्ज काढून ऑफसेट घेताना दमछाक होत होती. मी जात असे त्या छापखान्यात १९९०च्या दशकात संगणक आला. खिळे वजनावर गेले. केसच्या खणांत काही दिवस पावतीपुस्तके ठेवलेली मी पाहिली. तरुण होते ते कुणी पहारेकरी झाले, कुणी कळफलक शिकले. मामा बांधणीच्या खोलीत बसून पुस्तके शिवू लागले.

मामांना संगणकावर का बसविले नाही, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला आहे. त्यांची बोटे घरांवर शिकलेली होती, कळांवर नव्हेत, हे खरे. पण त्यांच्या डोळ्यांचे शिक्षण तर वाया जाण्याचे कारण नव्हते. माझ्या मते याचे कारण हिशेबाच्या वहीत आहे. मजुरी ठरलेली होती ती पानावर, म्हणजे हाताच्या कामावर. दर्या आणि दऱ्या ओळखण्याचा दर कुठेच लिहिलेला नव्हता. ते छापखान्याला आणि आम्हा लेखकांना फुकट मिळत होते. हाताची गरज संपली तेव्हा मालकाने हाताचा खर्च वाचवला, आणि डोळाही त्याबरोबर गेला हे वहीत दिसण्याचा मार्गच नव्हता. ज्याची कधी किंमत लावली नव्हती त्याचे नुकसान कोण मोजणार?

पुढे ते नुकसान दुसऱ्या बाजूने प्रकट झाले. मराठीतला ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदीत या अक्षरांची घडण निराळी असते. मुंबई-पुण्याचे खिळे पाडणारे कारागीर हे न सांगता करीत, कारण त्यांचे गिऱ्हाईक मराठी होते. संगणकाबरोबर जे देवनागरी टंक आले त्यांतल्या अनेकांत हिंदी वळणाचे ल आणि श आले आणि आपण ते मुकाट्याने वापरू लागलो. शेवटी महाराष्ट्र शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली निर्णय काढून मराठी वर्णमालेतील या अक्षरांची रूपे लेखी नमूद केली. ओतशाळेतल्या कारागिराच्या बोटांत जे होते त्यासाठी आता शासननिर्णय लागतो. वाचकांनी वाटल्यास आपल्या भ्रमणध्वनीवर 'लक्ष' आणि 'शाळा' हे शब्द लिहून पाहावेत.

याचा अर्थ शिशाचे दिवस परत यावेत असा घेऊ नये. ते शिसे अंगात जाते आणि विषारी असते. मामा जेवणापूर्वी कोपरापर्यंत हात धूत, पण अंगावरचा सदरा तोच असे. लिपीचीही शिशाने कमी ओढाताण केली नाही. घरे कमी व्हावीत म्हणून थोरामोठ्यांनी लिपिसुधारणेच्या योजना काढल्या. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचविली ती यंत्राची सोय पाहूनच. अनेक सुबक जोडाक्षरे केवळ खिळा नाही म्हणून पाय मोडून छापली जात. संगणकाला घरांची मर्यादा नाही, तेव्हा ती जोडाक्षरे परत आली. आणि आपल्या गावाच्या दृष्टीने आणखी एक नवल घडले आहे. इनस्क्रिप्ट नावाचा जो शासनमान्य कळफलक आहे, त्यात सर्व भारतीय लिप्यांची मांडणी एक आहे. ज्या कळीवर मराठी क त्याच कळीवर कन्नड क. मामांना अर्धी गिरकी तरी घ्यावी लागे. मराठी विभाग टंकित करणारी मुलगी आज बोट न हलविता कन्नड विभागात जाऊ शकते. मी आमच्या वर्गात विचारले तेव्हा बहुतेकांनी या कळफलकाचे नाव ऐकलेले नव्हते. ते रोमन अक्षरांत मराठी टंकित करतात आणि यंत्र त्याचे देवनागरी करून देते. स्टीफन्स यांची चोवीस अक्षरे अशी मागच्या दाराने परत आली आहेत.

ग्रंथालयात महाविद्यालयाच्या अंकांचे जुने बांधीव खंड आहेत. १९८५च्या आधीचा कोणताही एक काढावा आणि एखादे पान उलटे करून कोऱ्या बाजूवरून बोट फिरवावे. अक्षरे हाताला लागतात. मग पान उजेडात तिरके धरावे. कुठे एखादे अक्षर शेजाऱ्यांपेक्षा किंचित जाड किंवा बारीक दिसेल. ते निराळ्या मापाच्या केसमधून चुकून आलेले आहे. शाईचा एखादा काळा चौकोन दिसला तर तो वर उचलला गेलेला कोरा ठोकळा. पालथा छापलेला ट किंवा ६चा झालेला ९ सापडला तर मला जरूर दाखवावा. कन्नड विभागही सोडू नये. तिथे ओळीखालच्या बारीक जोडाक्षरांकडे पाहावे, ती कुठे कुठे हलकीच सरकलेली आहेत.